पहाटे निघा, पण तिथी बघून

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले की पुण्यातून एका दिवसात किल्लाही होतो आणि समुद्रही होतो, आणि मग पुढचे पंधरा दिवस तुम्ही मला पत्रांनी आणि व्हॉट्सॲपने धुऊन काढलंत. निम्म्या लोकांना कुठला किल्ला ते हवंय, उरलेल्यांनी आपापले प्लॅन पाठवून "बघा हो, जमेल का" विचारलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाहीये, एरियावरून ओळखून घ्या.

ताई, आम्ही सहा जण आहोत. सासूबाई ७२ च्या, गुडघे दुखतात. मुलगा पाचवीत, त्याला किल्ला म्हणजे तोफ पाहिजेच. रविवारी पहाटे निघून अलिबाग, कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि जंजिरा करून रात्री घरी यायचंय. मिस्टर म्हणतात होतं. होतं का? (कर्वेनगर)

होतं की. गाडीच्या काचेतून सगळंच होतं.

मिस्टरांचा हिशोब कुठे चुकतो ते सांगते. ते मॅपवर किलोमीटर मोजतायत. पुणे-अलिबाग एक्स्प्रेसवेने, खोपोली-पेण करत साधारण १४५ किलोमीटर, म्हणजे बरं चाललं तर तीन-साडेतीन तास, आणि पेणच्या पुढे वडखळला ट्रॅफिक लागलं तर मग देवाक काळजी. अलिबागपासून मुरुड आणखी पन्नासेक किलोमीटर, पण तो रस्ता गावागावातून, घरांच्या ओट्यांना घासत जातो, समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचं, त्यामुळे तिथे पन्नासला दीड-दोन तास धरायचे. जाऊन येऊन नऊ-दहा तास सीटवर. सासूबाईंच्या गुडघ्यांना किल्ला चढून त्रास होणार नाही एवढा गाडीत बसून होईल.

माझं ऐकाल तर सहातलं एकच घ्या, रेवदंडा. आणि मग अंगात जीव उरला तर पुलापलीकडे कोर्लई.

रेवदंडाच का, तर तो चढायचा किल्लाच नाही. गावच किल्ल्यात राहतंय. म्हणजे कसं, शनिवारवाड्याच्या भिंतीच्या आत अख्खी पेठ नांदतेय, शाळा आहे, किराणाचं दुकान आहे, रिक्षास्टँड आहे असं समजा. अलिबागहून येणारा डांबरी रस्ता तटाला फोडून आत शिरतो आणि गावातून फिरून पुलाकडे निघून जातो, आणि मुरुडला जाणारी निम्मी मंडळी आपण एका किल्ल्यातून गेलो हे न कळताच पुढे निघून जातात. मी स्वतः तीनदा गेले होते तशी. चौथ्या खेपेला चहाला थांबलो तेव्हा टपरीच्या मागची काळी भिंत नुसती भिंत नाही हे लक्षात आलं.

जुनं नाव आगरकोट. आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, आणि अजूनही तटाच्या आत सगळ्या वाड्याच आहेत. शेजारचं चौल हे फार जुनं बंदर, सातवाहनांच्या काळापासूनचं, टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथातही ते सापडतं. पोर्तुगीज आले १६ व्या शतकाच्या सुरुवातीला. १५०८ साली चौलसमोरच्या पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला, आणि बापाने दुसऱ्याच वर्षी दीवला जाऊन त्याचा सूड घेतला. पुढे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे वखार घातली, १५२४ पर्यंत कोट उभा राहिला, आणि मग १५७०-७१ मधे त्याच अहमदनगरच्या निजामशाहीने कित्येक महिने वेढा घालूनही तो पडला नाही. मराठ्यांकडे आला तो १७४० च्या तहात. चिमाजीअप्पांनी आदल्या वर्षी वसई घेतली होती ना, त्याचा हा पुढचा भाग. म्हणजे पुणेकरांनी इथे थोडा रुबाब दाखवायला हरकत नाही, पण थोडाच, कारण लढाई वसईला झाली आणि रेवदंडा तहात मिळाला.

आता तोफेचं. गावात "सातखणी मनोरा कुठे" असं विचारा, कुणीही सांगेल. हा पोर्तुगीजांच्या चर्चचा घंटेचा मनोरा, सात मजली होता म्हणून सातखणी. आता पूर्ण सात खण उभे नाहीत, वरचे गेलेत, पण जे उरलंय ते नारळांच्याही वर जातं. पायथ्याला तोफा पडलेल्या आहेत, नुसत्या, जमिनीवर, कठडा नाही आणि पाटी नाही. मी गेले तेव्हा एका तोफेवर कुणीतरी गोणपाट वाळत घातलं होतं आणि शेजारच्या अंगणात सुपारी पसरलेली, तिचा तो ओलसर तुरट वास, आणि सुपारी राखणाऱ्या आजी माझ्या भाच्याला म्हणाल्या, "बस की रे तिच्यावर, ती काय आता उडत नाय." भाचा बसला आणि लगेच उठला, कारण एप्रिल महिना, लोखंड तापलेलं. तुमच्या मुलाला सकाळी आठला बसवा, दुपारी बसवू नका.

तिथून वाडीवाडीतून चालत पाच-सात मिनिटांत तटाच्या पलीकडे समुद्र. वाळू काळसर आहे, काशीदसारखी पांढरी नाही, फोटोत तेवढी बरी दिसत नाही म्हणून गर्दीही तेवढी नसते. पण मागे वळलात की अख्खी तटबंदी किनाऱ्याला समांतर उभी, तिच्या फटींतून झाडांची मुळं बाहेर आलेली, आणि मागे सुरूची झाडं. सासूबाईंना सुरूच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून द्या. घरून न्या खुर्ची, तिथे मिळेल या भरवशावर जाऊ नका. माझी आई अशीच दोन तास बसली होती आणि परत येताना म्हणाली की अख्ख्या ट्रिपमधे हेच काय ते बरं होतं.

कोर्लई करायचा असेल तर कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, पुढे कोर्लई गाव, आणि गावातून दीपगृहापर्यंत गाडी जाते. पायऱ्या आहेत तिथून पुढे, सासूबाई खालीच बऱ्या. डोंगराची एक लांब सोंड समुद्रात गेलीये आणि तिच्या पाठीवर किल्ला, तीन बाजूंना पाणी. वरून समोर रेवदंडा दिसतो आणि पोर्तुगीजांना दोन्ही तोंडं का हवी होती हे मुलाला एका नजरेत कळेल, खाडीत शिरणारं गलबत या दोघांच्या मधूनच जाणार. आणि एक, कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली बोलतात, तिला ते "नौ लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी. गावात कुणाला थांबवून "बोलून दाखवा ना" असं मात्र करू नका प्लीज, मी एका ग्रुपला करताना पाहिलंय, मलाच कसंतरी झालं.

कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात. आम्ही गेलो तर कंबरेएवढं पाणी. कधी जायचं ते कसं कळतं? नेटवरचे तक्ते डोक्यावरून जातात. (बिबवेवाडी)

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलेय.

आमची सात-आठ वर्षांपूर्वीची ट्रिप. सकाळी साडेनऊला अलिबागच्या किनाऱ्यावर, पाणी पार लांब गेलेलं, ओल्या वाळूतून मस्त चालत किल्ल्यात गेलो. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, आंग्र्यांच्या वेळचं गणपतीचं देऊळ आहे, मंडळी रमली, कुणीतरी चिवडा काढला. मी हौसेने तटाचे दगड दाखवत बसले, की बघा, एवढाले चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही, त्यामुळे लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरून तिचा जोर मोडतो. हे सगळं सांगून बाहेर आले तर ती लाट दारातच. परतीची वाट गायब. घोडागाडीवाला होता, त्याने आमची दोन खेपांत सुटका केली आणि पैसे घेतले ते घेतले, वर म्हणाला, "तिथी कुठली ते बघून यायचं ना, ताई."

मग त्यानेच शिकवलं. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा हा जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे येईल ते भरतीच्या घड्याळाचे तास. पंचमी म्हणजे पाच, पाऊणपट पावणेचार, तर पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमी असेल तर सहा, बारस असेल तर नऊ. शुक्ल असो की वद्य, पंधरवडा कुठलाही चालतो. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागे किंवा पुढे. पंचमीला सकाळी साडेनऊ, फार तर दहा. हे मिनिटावर बसत नाही, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून जायच्या दिवशी खरा तक्ता बघून घ्याच, पण रविवार कुठला निवडायचा यासाठी घरातल्या कॅलेंडरवरची तिथी पुरते.

यात एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमाराला येते, पुणेकरांना एकदम सोयीची, झोप काढून निघा आणि पोचा. पण अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. ओहोटी असूनसुद्धा वाट पूर्ण कोरडी पडेल असं नाही, पोटरी-गुडघ्यापर्यंत पाणी राहू शकतं. तुम्हाला कंबरेएवढं लागलं म्हणजे तुम्ही बहुतेक वेळही चुकलात आणि दिवसही. उलट पुनवेला-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप लांब जातं, पण ते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, त्याचा पुण्याहून येणाऱ्याला काय उपयोग. म्हणून मधले दिवस धरा. चतुर्थी-पंचमी असेल तर पहाटे चारला पुणे सोडून आठपर्यंत पोचा. बारस-तेरस असेल तर आरामात निघा, ओहोटी तीन-चारला येते.

आणि पाणी सगळ्यात कमी होईल तेव्हा निघायचं नसतं, त्याच्या तासभर आधी आत जायचं आणि पाणी वळलं की बाहेर. मला हे एवढं एक कळलं असतं तर घोडागाडीचे पैसे वाचले असते.

आता एवढं जाताय तर हेही लक्षात असू द्या, की हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मधे, म्हणजे अगदी अखेरच्या दिवसात बांधायला घेतला, आणि कान्होजी आंग्र्यांनी त्याला आरमाराचं मुख्य ठाणं केलं. कान्होजी गेले १७२९ ला, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. समाधीला भरती-ओहोटी नाही. पाणी चढलेलं असेल तर तिकडे जाऊन या.

घरात वाद झालाय. सासरे म्हणतात जंजिरा कुणालाच जिंकता आला नाही ही काय अभिमानाने बघायला जायची गोष्ट आहे का. माझं म्हणणं बघायला काय हरकत आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने? (सिंहगड रोड)

मी होडीवाल्याच्या बाजूने. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते, वारा भरला की तिरकी होते, आणि किल्ला जवळ जवळ येतो तरी दार काही दिसत नाही, नुसता तट. अगदी भिंतीला टेकायच्या बेताला आलात की मग दोन बुरुजांच्या मधे ते दार उघडं पडतं. तो एक मिनिट बघण्यासाठी तरी सासऱ्यांना न्याच. बाहेरून हल्ला करणाऱ्याला कुठे घुसायचं हेच कळू नये म्हणून केलेली ती युक्ती, आणि ती आपल्या लोकांवरच वापरली गेलीये हे खरंय, पण म्हणून ती बघू नये असं कसं.

त्यांना हरल्याचं वाईट वाटतंय ना, तर मग त्यांना पद्मदुर्ग दाखवा, मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात दिसतो तो. सिद्दीच्या नाकासमोर महाराजांनी बांधून काढला. संभाजी महाराजांनी तर १६८२ मधे खाडीत दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत वाटच बांधायला घेतली होती, तेवढ्यात मोगल उत्तरेकडून कोकणात उतरले आणि काम सोडून जावं लागलं. आणि लाय पाटलांची गोष्ट सांगा. हा कोळ्यांचा सरदार, रात्री होड्या नेऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून बसला, पण मागून यायचे ते लोक वेळेत आले नाहीत, उजाडायला लागलं तशा त्याने शिड्या गुपचूप काढून आणल्या. शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला तर म्हणाला, आम्ही दर्यावरची माणसं, आम्हाला पालखी काय करायची. मग म्हणे महाराजांनी एक गलबत बांधवून त्याला दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं "पालखी". सासरे एवढं ऐकल्यावर गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसतील बघा.

दोन गोष्टी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी किल्ला काही तास बंद असतो. आणि जंजिरा धरलात तर त्या दिवशी दुसरं काही धरू नका, वरच्या कर्वेनगरवाल्या मिस्टरांना पण हेच सांगितलंय.

आम्ही चार मित्र, सेकंड इयरला. दोन बाईक, बजेट कमी. ताम्हिणीतून जावं का? (डेक्कन, हॉस्टेल)

जा, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी नको, तेव्हा ताम्हिणीत धबधब्याखाली अख्खं पुणे उभं असतं. चांदणी चौक, पौड, मुळशी, घाट उतरून विळे, कोलाड, रोहा आणि साळाव, म्हणजे तू थेट कोर्लईच्या बाजूला निघतोस, पूल ओलांडला की रेवदंडा. दीडशेच्या आसपास किलोमीटर. बाईकला एक्स्प्रेसवे तसाही बंद आहे. परतताना अंधार पडायच्या आत घाट चढून वर ये, तेवढं ऐक. घाटात धुकं आलं की पुढच्याचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.

बाईक नको वाटली तर एसटीने अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एसटी. स्वस्त पडतं. फक्त मग दिवस एसटीच्या मर्जीने जातो, तुझ्या नाही.

काशीदला पोहायला सेफ आहे का? मुलं ऐकत नाहीत. (हडपसर)

नाही. काशीद दिसतं शांत, पण तळ एकदम उतरतो आणि ओहोटीचं पाणी ओढून नेतं. गुडघ्याच्या वर नाही, हा नियम घरीच ठरवून निघा, किनाऱ्यावर जाऊन ठरत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्यातल्याच कॉलेजच्या पिकनिकची मुलंमुली मुरुडच्या समुद्रात बुडाली, ते पेपरातले फोटो मला अजून आठवतात. जीवरक्षक किंवा गावातला कोळी "बाहेर या" म्हणाला तर का म्हणून विचारू नका, बाहेर या. गाडी वाळूवर नेण्याबद्दल तर मी बोलतच नाही, दर सुट्टीला एकाची तरी चाकं रुततात आणि भरती येते आणि मग ट्रॅक्टरवाला म्हणेल ती रक्कम.

आम्ही शुद्ध शाकाहारी. तिकडे उपाशी मरू का? (सदाशिव पेठ)

मरणार नाही हो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी, वर उकडीचा मोदक. पण घरगुती खानावळींना सकाळीच फोन करून सांगावं लागतं, "येतोय, सहा जण, त्यातले सहाही शाकाहारी", नाहीतर दीड वाजता गेलात तर भाकऱ्या संपलेल्या असतात. मासे खाणाऱ्यांनी जिताडा विचारावा, मिळाला तर नशीब. आणि थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंडी-चिकन, मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा आणि मडकं उपडं करून वरून जाळ. पाण्याचा थेंब नाही घालत. शाकाहारी पोपटी वेगळी लावून मागा, मिळते. भांबुर्डा म्हणजे तीच रानात उगवणारी वनस्पती, आपल्या शिवाजीनगरचं जुनं नावही भांबुर्डाच, पण पेठेतल्यांना हे मी काय सांगणार.

रेवदंड्याला एका रशियन माणसाचं स्मारक बघितलं. निकितिन. हा तिथे काय करत होता? (औंध)

घोडा विकायला आला होता.

खरंच. अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १४६९ च्या सुमाराला, इराणच्या बाजूने समुद्रातून चौलला उतरला. इकडे घोडे महाग विकले जातात असं ऐकून होर्मुझहून एक उमदा घोडा जहाजावर चढवून घेऊन आला. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक उघड्या अंगाने हिंडतात, डोकं झाकत नाहीत, आणि मी जाईन तिथे माझ्या मागे गर्दी, गोरा माणूस बघायला. म्हणजे आपण आता रेवदंड्याला जाऊन जे करतो तेच, उलट्या बाजूने.

पण माझा आवडता भाग पुढचा आहे. चौलहून तो कुठे गेला, तर आपल्या जुन्नरला. पालीवरून, घाट चढून, त्याला तीन आठवड्यांच्या वर लागले. अख्खा पावसाळा जुन्नरमधे अडकून पडला, लिहितो की चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल. तिथल्या बहमनी सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि निरोप दिला की मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत. हा बिचारा परमुलखात एकटा, घोडा हेच सगळं भांडवल. मुदत संपता संपता एक ओळखीचा खुरासानी गृहस्थ गावात आला, त्याने रदबदली केली आणि धर्मही वाचला, घोडाही परत मिळाला. पुढे तो घोडा बिदरला जाऊन विकला, आणि हिशोब करून लिहिलंय की त्याला सांभाळण्यात खर्च किती झाला. परत जाताना स्वतःच्या गावी पोचायच्या आधीच वाटेत वारला.

त्यामुळे वडखळच्या ट्रॅफिकमधे पोरं कुरकुर करायला लागली की मी त्यांना हा घोडा सांगते. निदान वीस मिनिटं शांतता मिळते. जुन्नरचे पाहुणे गाडीत असले तर अर्धा तास.

येताना अलिबागचा पांढरा कांदा आणला, माळ किती दिवस टिकते? (धनकवडी)

आधी तो अलिबागचाच आहे का ते बघा. आता त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्यामुळे नाव सगळेच लावतात. खरा कांदा आकाराने मध्यम, चवीला गोडसर, कापताना डोळ्यात फारसं पाणी येत नाही, आणि त्याच्या पातीच वळून वेणी घातलेली असते, सुतळीने बांधलेला नसतो. लाल कांद्यासारखा सहा महिने ठेवायच्या भानगडीत पडू नका. बाल्कनीत वारा लागेल अशी टांगा, पिशवीत कोंबलात तर आठवड्यात वास मारेल, आणि खालून वर अशी तोडत जा, मधलाच ओढलात तर वेणी सुटते.

माझी मागची माळ मार्चमधे आणली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपली. टिकली नाही असं नाही, ती पोह्यांवर गेली.